तान्याचा टेप

टेपावर एकूण एकशे सत्तेचाळीस दगड होते. त्यांतले एकोणतीस मोठे, कमरेइतक्या उंचीचे, एका वर्तुळात बसवलेले. तेवीस सरळ उभे, सहा आतल्या बाजूला कललेले. उरलेले एकशे अठरा लहान, नारळाएवढे किंवा जरा मोठे, वर्तुळाच्या आतल्या मातीच्या फुगवट्यावर चपटी बाजू वर करून ठेवलेले. याशिवाय बोरीची दोन झुडपं, मुंगसाचं एक बीळ, आणि बरोब्बर माथ्यावर ठोकलेली एक लोखंडी खुंटी.

ज्ञानेश्वरीने दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा उलट बाजूने, म्हणजे एकच चूक दोनदा व्हायला नको. आकडा तोच आला. आता वर्तुळाचा व्यास घ्यायचा होता.

"काका, टेप कुठाय?"

"टेपावरच हाईस की तू," बांधावर बसलेले धनाजीकाका म्हणाले.

"मोजायची टेप."

"ती बी टेपावरच हाय. तुझ्या पायाशी बघ."

हा विनोद ते सकाळपासून तिसऱ्यांदा करत होते. इकडच्या बोलीत टेकाडाला टेप म्हणतात, आणि उभा जन्म मोजणी करण्यात घालवलेल्या माणसाला एवढा आयता विनोद सोडवत नव्हता. धनाजी मूळचे साताऱ्याकडचे. ज्ञानेश्वरीचे वडीलही तिकडचेच, वाशीच्या भाजी मार्केटात माल तोलण्याच्या कामाला. त्यामुळे ऑफिसात ती 'मॅडम' असली तरी साइटवर धनाजी तिच्याशी घरच्या पोरीसारखं बोलत.

व्यास सोळा मीटर भरला. उंची दोन मीटरला थोडी कमी.

केळखार गाव न्हावा शेव्याच्या मागल्या बाजूला, खाडीच्या कडेला आहे. गावातून बंदराच्या क्रेन दिसतात, आणि वारा तिकडून असला की कंटेनर खाली ठेवल्याचा आवाज येतो. गावाबाहेर पूर्वी मिठागरं होती, ती आता पडीक आहेत. भातखाचरं आहेत, त्यांतली निम्मी कंटेनर यार्डवाल्यांनी घेतली. त्या नव्या यार्डाकडे जाणारा रस्ता आखायचं काम ज्ञानेश्वरीच्या कंपनीकडे आलं होतं, आणि त्या रस्त्याची मध्यरेषा टेपाच्या माथ्यावरून जात होती. लोखंडी खुंटी त्या रेषेवरची.

ज्ञानेश्वरी भूशास्त्रात एम.एस्सी. झालेली, कामोठ्याला राहणारी. तिचं काम जमीन किती भार पेलेल ते सांगायचं, एवढंच. पण उपग्रहाच्या चित्रात तिला एक वर्तुळ दिसलं होतं. कॉलेजात असताना नागपूरच्या बाजूला सहल गेली होती, तिथे माळरानावर दगडांची अशी वर्तुळं तिने पाहिली होती. लोखंड नुकतंच वापरू लागलेल्या माणसांनी आपले मेलेले तिथे पुरले, वर माती लोटली आणि भोवती दगड लावले. असं वर्तुळ खाडीच्या कडेला असल्याचं तिने कुठे वाचलं नव्हतं. म्हणून तिने अभय सरांकडून दोन दिवस मागून घेतले.

अभय सर कंपनीचे प्रमुख. ते म्हणाले, "पुरावा मिळाला तर लिही. नाही मिळाला तर 'वाटतं' असं लिहू नकोस. अहवालात 'वाटतं' चालत नाही."

"आणि मिळाला तर?"

"तर पुरातत्त्ववाल्यांना कळवू. ते येतील, खणतील, मग काय ते ठरेल. नाही मिळाला तर आपल्याकडे त्या तानाजीच्या वारसाची संमती आहेच. समाधी हलवायची आणि पुढे जायचं."

तानाजीचं प्रकरण फायलीत होतं. पहिल्या पाहणीत धनाजींनी नोंद केली होती: 'तानाजी यांची जुनी समाधी.' थडगं एका माणसाचं असेल तर वारसाची संमती घ्यायची, गावात दुसरीकडे ओटा बांधायचा, तिथे इथली ओंजळभर माती नेऊन ठेवायची, अशी ऑफिसातली पद्धत होती. गावातल्या पोपट नावाच्या गृहस्थांनी नातू म्हणून सहीही दिली होती.

मोठे दगड आणि लहान दगड एका वेळचे नाहीत, हे ज्ञानेश्वरीच्या लगेच लक्षात आलं. मोठ्यांवर दगडफूल जाड चढलेलं, करड्या-पांढऱ्या चकत्या एकमेकींत मिसळलेल्या. लहानांपैकी काहींवर तसंच, काहींवर नखाएवढ्या चकत्या, आणि काही अगदी स्वच्छ, कालपरवा ठेवल्यासारखे. म्हणजे ते एकदम ठेवलेले नव्हते, वर्षानुवर्षं एकेक करून आले होते. शेतातले दगड वेचून बांधावर टाकतात तसं म्हणावं, तर इथल्या खारजमिनीत दगडच नाही, खणलं तरी चिखल लागतो. सगळे दगड लांबच्या डोंगरावरचे, बारीक भोकांच्या काळ्या खडकाचे होते. कोणी तरी ते तिथून उचलून आणले होते. का, ते तिला सुचेना.

मुंगसाने बिळाबाहेर उकरलेल्या मातीत तिला खापराचा एक तुकडा मिळाला. बाहेरून तांबडा, आतून काळा. नागपूरकडच्या वर्तुळांत अशी खापरं मिळतात. पण चुलीवर काळं पडलेलं कुठलंही मडकं फुटलं तरी असंच दिसेल. तिने तो तुकडा पिशवीत घातला, वर तारीख लिहिली. 'पुरावा' असं लिहिलं नाही.

"काय मोजतंस गो?"

बोरीच्या पलीकडे एक म्हातारी उभी होती. कमरेला विळा, डोक्यावर गवताचा भारा. तिने भारा खाली टाकला आणि त्यावरच बसली.

"दगड मोजतेय, मावशी."

"कंचे? मोठे का बारके?"

"दोन्ही."

"बारके नको मोजू."

"का?"

"नको म्हंजे नको. मोठे मोज हवे तवरे." म्हातारीची नजर माथ्यावरच्या खुंटीकडे गेली. "खननार हाव काय?"

"अजून ठरलं नाही."

"ठरवनार कोन?"

"आमचे सर. मी सांगेन त्यावरून."

"म्हंजे तूच," म्हातारी म्हणाली. मग तिने भारा उचलला आणि गेली. तिचं नाव राहीबाई असल्याचं धनाजींनी सांगितलं. सही देणाऱ्या पोपटची ती थोरली भावजय; घरात दोघांची जमीन अजून एकत्र.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी दोन मजूर घेऊन आली. पुराव्याचा एकच सरळ रस्ता होता: एक छोटा चर मारायचा, दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, आणि मातीचे थर बघायचे. पूर्वेच्या कडेला तिने जागा निवडली. तिथे लहान दगड एकही नव्हता. चार खिळे ठोकून तिने सुतळी ताणली, कोपरे काटकोनात आहेत का ते पाहिलं, आणि मजुरांना सांगायला वळली. वळून पुन्हा बघते तो राहीबाई सुतळीच्या चौकटीत मांडी घालून बसलेली.

मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या आणि बिड्या काढल्या. असल्या प्रसंगांची त्यांना सवय असावी.

"मावशी, उठा ना. एवढासाच चर आहे. बघा, या बाजूला तुमचा बारका दगड एकही नाही. मुद्दाम बघून घेतलीय जागा."

"दगूड नाय म्हनून खाली काय नाय, ह्या तुना कोनी सांगितला? दगूड गडगडतात. पोरं ढोरं चारताना लोटतात."

"पण समाधी मध्यभागी असणार ना? आपण कडेला आहोत."

"कोनाची समाधी?"

"तानाजींची."

"कोन तानाजी?"

ज्ञानेश्वरीने फाइल उघडून बघितली, जणू तिथे जास्त काही लिहिलेलं असेल. "ज्यांच्या नावाने हा टेप आहे ते. पोपटकाकांचे आजोबा."

"पोपटचा आजा हाशा व्हता," राहीबाई म्हणाली. "मिठागरावं काम कराचा. माजा आजेसासरा तो. मना ठावं नाय व्हय? त्याला खाडीवर जालला, सगल्या गावासमोर. त्यो हितं कशाला येल?"

"मग तान्याचा टेप म्हणतात, तो तान्या कोण?"

"तान्या कोनी नाय गो. तान्यांचा टेप. तानी पोरं. आंगावरची." तिने आपल्या हिरडीवर बोट ठेवून दाखवलं. "दात नाय आलेली. त्यांना जालत नाय, पुरतात. आमच्या गावची हितं पुरतात."

धनाजी बांधावरून उठून जवळ आले होते. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, आणि पुन्हा घातली.

"काका, तुम्ही तानाजी का लिहिलंत?"

"आता काय सांगू. मी इचारलं, ह्या टेकाडाला काय म्हणता? तर म्हणाले, तान्याचा टेप. आमच्याकडं तान्या म्हटलं की तानाजीच असतोय, दुसरं काय? आन् ऑफिसच्या कागदात 'तान्या' असं एकेरी कसं लिवायचं? मेलेला माणूस. म्हणून मान देऊन तानाजी लिवलं. 'यांची' बी लिवलं."

"लय मान दिलास," राहीबाई म्हणाली.

ज्ञानेश्वरी चौकटीबाहेर, तिच्या समोर खाली बसली. लहान दगडांचं कोडं सुटलं होतं, पण पूर्ण नाही, आणि अर्धवट सुटलेलं कोडं तसंच सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"दगड डोंगरावरून का आणतात?"

"बापाने आनाचा. खांद्यावर घेऊन. जवलचा चालत नाय."

"आणि भोवतीचे मोठे?"

"ते आमचे नाय. ते आदीपासून हाईत. माज्या सासूच्या सासूने पन ते आसेच बगितले."

"कोणी ठेवले?"

"ज्यांनी ठेवले त्यांनी. आमी काय त्यांना वलखतो?"

ज्ञानेश्वरीला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटलं. वर्तुळ आधीचं, गावाने ते आयतं घेतलं. मेलेल्यांची जागा म्हणून ओळखून घेतलं, की नुसती न बुडणारी उंच जमीन म्हणून, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. खणलं तर कदाचित कळेल.

"तुमचं कोणी आहे इथे?"

"माजी पयली. पोरगी. बारशाच्या आदल्या राती गेली. नाव ठेवलं नव्हतं." राहीबाईने हे भाताचा भाव सांगावा तसं सांगितलं. "मालक एकले घेऊन गेले, पाटे. आयने याचं नसतं. आन् पुरून आल्यावर बाप सांगत नाय कंचा दगूड त्या."

"का सांगत नाहीत?"

"सांगितला तं आय रोज तिथं जाऊन बसल. घरची कामं कोन करल? दुसरी पोरं कोन बगल? म्हनून सांगत नाय. रीतच हाय तशी. मी लय इचारला. भांडून इचारला, गोड बोलून इचारला. आजारी पडले तवा पन इचारला. नाय बोलले."

"मग तुम्हाला माहीतच नाही?"

"नाय. म्हनून तं बसलंय ना हितं. मना येक दगूड ठावं आसता तं मी बोलले आसते, त्यो सोडा नं बाकीचं काय त्या करा. मना ठावं नाय. म्हनून मना सगला टेप आपलाच." तिने हात पसरून टेपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवलं. "आन् मी येकटी नाय. घराघरांत हाय."

मजुरांपैकी एकाने बिडी विझवून कानामागे ठेवली.

"येक इचारू?" राहीबाई म्हणाली. "तू शिकलेली. आता काय रायलं आसल खाली?"

खरं उत्तर ज्ञानेश्वरीला ठाऊक होतं. एवढ्या लहान मुलाची हाडं मऊ असतात, आणि इथला पाऊस ती फार वर्षं ठेवत नाही. टाळता आलं असतं. पण विचारणाऱ्या माणसाने सरळ विचारलं होतं.

"बहुतेक काही नाही, मावशी. मातीत मिसळून गेलं असेल."

"सगला?"

"सगळं."

"मंग मी तेच बोलतंय. मातीच झाली. म्हंजे कंची माती खनशील तू?"

या तर्कात कुठे खोट निघते का, ते ज्ञानेश्वरीने मनातल्या मनात तपासलं. निघाली नाही.

एवढ्यात पोपट स्कूटरवरून आले. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, हातात मोबाइल. गावात बातमी पोचायला एवढाच वेळ लागला होता.

"वहिनी, उठ तिथून. लोकांचा खोलंबा होतो."

"ये," राहीबाई म्हणाली, "ये, तानाजीच्या नातवा."

मजूर हसले. धनाजींनी मान खाली घातली.

"अगो, कागदावर कोनाचं तरी नाव लागतं," पोपट खालच्या आवाजात म्हणाले. "ह्यांनी लिवून आनला तानाजी. वारस कोन म्हनून इचारला, तं कोनी तोंडच उघडत नव्हता. मी बोललो, मी."

"आन् आजा बदललास."

"आजा कशाला बदलू? सही केली नुसती. शिवतेजला यार्डात लावतो बोलले. बारावी होऊन घरात बसलाय त्यो, तुज्याच हातचा खातो. दिसत नाय तुना?"

"दिसतो ना. लागूं दे त्याला कामाला, मी कवा नाय बोलले? पन तुज्या आयचे तीन हाईत हितं, पोपट. त्यांचा वारस कोन? तू का तानाजी?"

पोपटांनी मोबाइल खिशात ठेवला.

"तुना ठावं नवता?"

"तीन हाईत ह्या ठावं नवता," पोपट म्हणाले. "येक ऐकला व्हता."

"तीन. मंग तू झालास. म्हनून तुजा नाव पोपट, बोलत राव म्हनून."

पोपटांनी स्कूटर स्टँडला लावली आणि वर्तुळाच्या बाहेर, एका मोठ्या दगडाला टेकून उभे राहिले. पण आत आले नाहीत. ज्ञानेश्वरीने सुतळी सोडली, चार खिळे उपटून डब्यात टाकले, आणि मजुरांना अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवसाची हजेरी लावून घरी पाठवलं.

चर मारला असता तर तिला हवं ते कळलं असतं. बाहेरच्या कुणाला न लागलेला एक शोध तिला, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, लागला असता, आणि तिच्या नावाने लागला असता. जीपमध्ये बसताना तिने हे स्वतःशी एकदा नीट म्हणून घेतलं, म्हणजे पुढे त्यावरून घोळ नको.

"आता?" धनाजींनी विचारलं.

"विहिरीचं पाणी शोधायचं यंत्र आहे ना ऑफिसात, ते आणू. वरूनच बघू."

ते यंत्र जमिनीत थोडी वीज सोडतं आणि माती तिला किती अडवते ते मोजतं. ओली माती कमी अडवते, दगड जास्त. त्यासाठी ओळीने लोखंडी सळ्या रोवाव्या लागतात. रोवायच्या म्हणजे किती, हे ज्ञानेश्वरीने राहीबाईच्या घरी जाऊन आधी दाखवलं. अंगणात एक सळी ठोकली आणि उपटून तिच्या हातात दिली.

"वीतभर," राहीबाईने मातीचा ओला डाग बघून म्हटलं. "तवरा तं बोरीचा मूल पन जातो. आन् ह्या यंत्रात पोर दिसतं काय?"

"नाही. दगड वेगळा आणि माती वेगळी, एवढंच कळतं."

"बरं मंग."

तरीही ती सोबत आली आणि प्रत्येक सळीशी उभी राहिली. दोन ठिकाणी 'हितं नको' म्हणाली. का, ते विचारलं तर तिलाही सांगता येईना. ज्ञानेश्वरीने त्या दोन सळ्या हातभर सरकवल्या आणि सरकवल्याची नोंद केली. माथ्यावरची कंपनीची खुंटी ओळीच्या मधे येत होती, ती धनाजींनी हलवून हलवून उपटली. चार ओळी झाल्या. बंदराकडून दिवसभर धाड धाड आवाज येत होते, आणि प्रत्येक वेळी धनाजी म्हणत, "ठेवला बघ एक."

रात्री घरी कॉम्प्युटरवर चित्र उमटलं. टेपाच्या मध्याखाली, दीड मीटर खोलीवर, विजेला फार अडवणारी एक चौकोनी जागा होती. लांबी दोन मीटरच्या आसपास, रुंदी एक. कडा सरळ. निसर्गात अशा सरळ कडा सहसा होत नाहीत. दगडी पेटी असू शकते. पण ती अडीच हजार वर्षांची की अडीचशे, हे यंत्र सांगत नाही, आणि खापराचा तो एक तुकडा मुंगसाच्या भरवशावर. तिने लिहिलं: 'मध्याखाली मानवनिर्मित दगडी बांधकामाशी जुळणारी रचना आढळते. काळ निश्चित करता येत नाही.' 'वाटतं' हा शब्द कुठेही आला नाही, आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावण्याइतका पुरावाही नव्हता.

मग ती फायलीच्या पहिल्या पानावर आली. 'तानाजी यांची जुनी समाधी' यावर तिने रेघ मारली आणि लिहिलं: 'तान्ह्यांचा टेप. गावातील दात न आलेल्या मुलांची दफनभूमी, अलीकडेपर्यंत वापरात. पूर्वीची नोंद ऐकण्यातील चुकीमुळे.' मोठ्या दगडांपुढे एकोणतीस हा आकडा होता. लहान दगडांपुढे तिने लिहिलं, 'संख्या दिलेली नाही.' हे खोटं नव्हतं.

अभय सरांनी अहवाल तिच्यासमोरच वाचला.

"संख्या दिलेली नाही म्हणजे काय? मोजले नाहीस?"

"मोजले. गावाची मनाई आहे, सर. आणि दगड तेवढी मुलं असं धरताही येत नाही. दगड गडगडतात."

"मग वारस किती?"

"गावातलं प्रत्येक घर. आणि बाहेर दिलेल्या लेकी."

"सगळ्यांच्या सह्या?"

"एकाच्या सहीवर हलवता येतं, ते एकाचं असेल तर. हलवायचं म्हटलं तरी ओंजळभर माती कुठली घ्यायची, ते कोणी सांगू शकत नाही. बापांनी सांगून ठेवलेलं नाही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो तानाजी बरा होता."

"तो नव्हताच, सर."

सर पद्धतशीर माणूस होते. त्यांनी संमतीचे कागद देऊन धनाजींना घरोघर पाठवलं. दोन दिवसांनी धनाजी परत आले ते कोरे कागद घेऊन.

"एक बी सही नाय," ते म्हणाले. "चहा मात्र घरटी मिळाला. आन् पोपटरावांनी आपली जुनी सही बी परत मागितलीय. म्हणाले, आजोबा सापडत नाहीत."

रस्ता सरकवायचा तर एकाच बाजूला सरकवता येत होता. दुसऱ्या बाजूला खाडीचं पाणी होतं. नवी रेषा राहीबाई आणि पोपट यांच्या एकत्र खाचरातून तिरकी जात होती आणि खाचराचे दोन तुकडे करत होती. धाकटा तुकडा भात लावण्यासारखा राहत नव्हता. हे सांगायला सर स्वतः केळखारला आले. ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. पोपटांनी नकाशा गुडघ्यावर घेतला, बोटाने रेषा दोनदा फिरवली आणि भावजयीकडे बघितलं.

"चांगला खाचर व्हता त्यो," ते म्हणाले.

"व्हता," राहीबाई म्हणाली. "आन कागूद."

पोपटांनी आधी सही केली. मग सरांना विचारलं, "आमच्या शिवतेजचं जमनार का नाय तेवरं सांगा," आणि सर म्हणाले की यार्ड होणारच आहे, अर्ज करू द्या. राहीबाईने अंगठा नाही उठवला, नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं सुटं. ती शाळेत दुसरीपर्यंत गेली होती, असं तिने सरांना सांगितलं.

मग ती ज्ञानेश्वरीकडे वळली. "टेपापासून किती लांब जाल?"

"नकाशात बघून सांगते."

"नकाशातला नको. मना दाकव."

सगळे उठले. खाचरात कापणी झालेली होती, धसकटं पायाला टोचत होती. रस्त्याची कडा जिथे येणार तिथे धनाजींनी नवी खुंटी ठोकली. राहीबाई जाऊन वर्तुळातल्या त्या बाजूच्या सगळ्यांत बाहेरच्या दगडापाशी उभी राहिली, आणि मोजपट्टीचं टोक धनाजींनी धरू म्हटलं तर तिने ते स्वतःकडे घेतलं, वाकून दगडाच्या बुडाशी दाबून ठेवलं. ज्ञानेश्वरी पट्टी सोडत सोडत खुंटीपर्यंत गेली, झोळ काढण्यासाठी एकदा ताणली, आणि वाचलं.

सदतीस मीटर चाळीस सेंटीमीटर.